कातडं खरं, डोळे काचेचे

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा. सध्या अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात मिल्वॉकीजवळ राहतो. इथे नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीचा हंगाम असतो. शेजाऱ्यांच्या सोबतीने यंदा रीतसर परवाना काढून मीही जाणार आहे. चांगला नर मिळाला तर त्याचं मुंडकं खांद्यापर्यंत भरून घ्यायचं मनात आहे. अर्ध्या तासाच्या अंतरात तीन टॅक्सिडर्मिस्ट आहेत. तिघांचे दर वेगळे, मुदती वेगळ्या. निवड कशाच्या जोरावर करायची?
– एक वाचक, मिल्वॉकी

उत्तर : हे तुम्ही शिकारीच्या आधी विचारलंत, याचा मला मनापासून आनंद झाला. पुष्कळ जण हरीण गाडीत टाकल्यावर दुकान शोधायला निघतात आणि जे उघडं दिसेल तिथे ते उतरवतात. तुमच्याकडचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. त्या आठवड्यात कुठल्याही टॅक्सिडर्मिस्टला बोलायला फुरसत नसते. तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच फोन करून, वेळ ठरवून तिघांकडेही जाऊन या. फोटोंवर भिस्त ठेवू नका. फोटो चांगल्या कोनातून काढता येतो, भिंतीवरच्या हरणाला मात्र चहूबाजूंनी बघता येतं.

तिथे गेलात की आधी डोळे पाहा. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची बाहुली आडवी, लांबट असते. जिवंत हरीण मान थोडी वाकवतं किंवा उचलतं तेव्हाही ती बाहुली जमिनीला जवळपास समांतर राहते. भरलेल्या मुंडक्यात एक बाहुली वर आणि एक खाली गेली असेल, तर कारागिराने डोळे बसवताना घाई केली आहे. पापणी काचेला घट्ट चिकटलेली हवी. मध्ये केसाएवढी फट दिसली, तरी कातडं सुकताना मागे ओढलं गेलं आहे असं समजा. डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्याशी हरणाला एक खोलगट ग्रंथी असते. नवशिक्याच्या कामात ती खाच सपाट होते किंवा काळ्या रंगाने नुसती रंगवलेली असते.

मग कान. हरणाचा अर्धा स्वभाव त्याच्या कानांत असतो. कानाच्या बुडाशी स्नायूंचा गोळा असतो. कान पुढे वळला की तो एका तऱ्हेने फुगतो, मागे गेला की दुसऱ्या तऱ्हेने. चांगल्या कामात हा गोळा मातीने घडवलेला दिसतो. वाईट कामात कान डोक्याला चिकटवल्यासारखे दिसतात. कानाची आतली बाजू बोटाने हलकेच दाबून पाहायची परवानगी मागा. आत पोकळ वाटलं तर कातडं सुटलेलं आहे. कडा सुरकुतल्या असतील तर दोनचार वर्षांत त्या आणखी आक्रसतील.

नाकपुडीत डोकवा. आतपर्यंत कातडं नेलेलं आहे, की काठावर संपवून पुढे नुसती पुट्टी आहे? नाकाचं टोक जरा ओलसर वाटलं पाहिजे, वार्निश मारलेल्या टेबलासारखं चकाकता कामा नये. शिंगांच्या बुडाशी केस आखूड असतात आणि तिथूनच टाके जातात. तिथे आणि मानेच्या मागच्या बाजूला केस बोटांनी बाजूला करून शिवण बघा. टाके जवळजवळ, सरळ, केस न अडकवता घातलेले असले की तो माणूस धीराचा आहे, एवढं खात्रीने समजतं.

एक गोष्ट आवर्जून मागा. चारपाच वर्षांपूर्वी भरलेला एखादा नमुना दाखवा म्हणा. ताजं काम सगळ्यांचंच बरं दिसतं. शिवण उसवणं, ओठांशी भेग पडणं, कान चुरगळणं हे सगळं कातडं एकदोन उन्हाळे-हिवाळे पाहून झाल्यावर सुरू होतं. ज्याच्याकडे जुनं काम अभिमानाने टांगलेलं आहे, तो आपल्या कामाला ओळख देतो.

आता विचारायचे प्रश्न. पहिला, कातडं कमावता का? काही कारागीर ते कमावत नाहीत. आतून साफ करून टाकणखारयुक्त पूड चोळतात आणि साच्यावर चढवतात. हे झटपट होतं, स्वस्त पडतं. पण न कमावलेलं कातडं सुकताना जास्त आक्रसतं आणि सगळे ताण साच्यावर आणि शिवणीवर येतात. रीतसर कमावताना कातड्याला मीठ लावतात, आम्लाच्या द्रावणात मुरवतात, आतून तासून पातळ करतात, मग तुरटीवर आधारलेलं किंवा कृत्रिम कमावणद्रव्य देतात आणि शेवटी तेल चोळून मऊ करतात. बरेच टॅक्सिडर्मिस्ट हे काम मोठ्या टॅनरीकडे पाठवतात आणि तिथेच काही महिने जातात. म्हणून मुदत लांबली म्हणजे माणूस आळशी, असं लगेच धरू नका. वर्षभर थांबावं लागणं तुमच्याकडे सर्वसाधारण आहे. एखादा दोन महिन्यांत देतो म्हणाला, तर कातडं कसं तयार करता हे खोदून विचारा.

दुसरा प्रश्न साच्याचा. हल्ली आत पॉलियुरेथेन फोमचा साचा असतो आणि तो वेगवेगळ्या मापांत तयार मिळतो. तयार सदरा अंगाला बसेपर्यंत शिंपी जसा आत घेतो, बाहेर सोडतो, तसा हा साचा त्या त्या हरणासाठी तासावा किंवा भरावा लागतो. त्यासाठी डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकापर्यंतचं अंतर आणि मानेचा घेर ही मापं कातडं काढतानाच घ्यावी लागतात. नोव्हेंबर हा नराच्या माजाचा काळ असतो, तेव्हा मान फुगलेली असते. सप्टेंबरात धनुष्यबाणाने मारलेल्या नराची मान सडपातळ असते. मापं कशी घेता, हे विचारल्यावर जो माणूस महिन्यांबद्दल, मानेबद्दल, कातड्याच्या सैलपणाबद्दल आपणहून बोलू लागेल, त्याच्याजवळ थोडा जास्त वेळ बसा. माझ्या मते निवडीचा खरा निकष हाच आहे. ज्याने जिवंत हरीण पुष्कळ वेळ पाहिलेलं आहे, तोच मेलेल्या हरणाला नीट उभं करू शकतो. भिंतीवरच्या पारितोषिकांपेक्षा त्याच्या टेबलावर जिवंत हरणांचे संदर्भफोटो पसरलेले दिसले, तर मला जास्त भरवसा वाटेल.

तिसरा प्रश्न जरा अवघड, पण विचाराच. केस सुटले तर काय? म्हणजे कातडं तुमच्याकडून किंवा टॅनरीत खराब झालं तर? प्रामाणिक माणूस सांगेल की कधीकधी असं होतं, मग दुसऱ्या हरणाचं कातडं विकत घेऊन तुमच्या शिंगांवर चढवावं लागतं. त्याचे पैसे कोण देणार, हे आधीच ठरवून घ्या. तुमचंच कातडं तुम्हाला परत मिळेल, यासाठी तो खूण कशी करतो तेही पाहा. कातड्याला भोकांची किंवा क्रमांकाची खूण हवी आणि वहीत नोंद हवी.

पैशांचं म्हणाल तर खांद्यापर्यंतच्या हरणाला अमेरिकेत साधारण सहाशे ते हजार डॉलर पडतात, त्यातली निम्म्याच्या आसपास रक्कम आगाऊ घेण्याची पद्धत आहे. तिघांत सर्वांत स्वस्त असेल त्याला केवळ स्वस्त म्हणून निवडू नका. हे मुंडकं तुमच्या घरात पंचवीस-तीस वर्षं राहणार आहे आणि शंभर-दीडशे डॉलरची बचत त्या मानाने काहीच नाही. मात्र सर्वांत महाग तोच सर्वांत चांगला, असंही नसतं. दर, आगाऊ रक्कम, अंदाजे मुदत, पवित्रा, कातडं कमावणं हे सगळं कागदावर घ्या. राज्याचा टॅक्सिडर्मीचा परवाना विचारा. बदक किंवा इतर स्थलांतरित पक्षी भरायचे असतील, तर १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यामुळे त्याच्याकडे केंद्र सरकारचा वेगळा परवानाही लागतो.

पवित्र्याबद्दल थोडं. मुंडकं कुठल्या भिंतीवर लागणार, हे आधी ठरवा आणि त्या भिंतीचा फोटो घेऊन जा. खोलीच्या डाव्या कोपऱ्यात लावायचं असेल तर हरणाने खोलीकडे बघायला हवं. ते भिंतीकडे तोंड फिरवून बसलं तर रोज खटकेल. ताठ मानेचं, अर्धवट झुकलेलं आणि पूर्ण झुकून पुढे सरकणारं, असे तीन मुख्य प्रकार मिळतात. कमी उंचीच्या छताखाली ताठ मान कोंडल्यासारखी वाटते. मला स्वतःला अर्धवट झुकलेलं, एक कान पुढे आणि एक किंचित मागे, तोंड मिटलेलं हरीण आवडतं. रानात ते बहुतेक वेळ तसंच असतं.

प्रश्न : हरीण पडल्यावर माझ्या हातून काय चुकू शकतं? (वरच्याच वाचकाचा)

उत्तर : पुष्कळ काही. इथे मी थोडं सविस्तर लिहितो, कारण चांगल्यातला चांगला कारागीरही रानात बिघडलेलं कातडं दुरुस्त करू शकत नाही.

सगळ्यांत मोठा शत्रू उष्णता. प्राणी मेल्याबरोबर जंतू कामाला लागतात. वरची पातळ त्वचा सुटी होऊ लागते आणि तिच्याबरोबर केसांची मुळं सैल होतात. हात फिरवला की केस झुपक्याने हातात येतात. एकदा ही सुरुवात झाली की ती उलटवता येत नाही. विस्कॉन्सिनचा नोव्हेंबर थंड खरा, पण एखादी दुपार उबदार निघते आणि हरणाच्या हिवाळी केसांत ऊब अडकून राहते. म्हणून आतडी काढून लगेच सावलीत, हवेशीर ठेवा. गाडीच्या टपावर किंवा मागच्या फळीवर उन्हात मिरवत नेऊ नका. त्याच दिवशी टॅक्सिडर्मिस्टकडे पोचणं सर्वांत उत्तम. शक्य नसेल तर सोललेलं कातडं मुंडक्यासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा. डोकं आत असतानाच वरून मीठ चोळण्याच्या फंदात पडू नका. कान उलटे केलेले नसताना, ओठ फोडलेले नसताना मीठ आतपर्यंत पोचत नाही, आणि मीठ लावलेलं कातडं फ्रीझरमध्ये नीट गोठतही नाही.

दुसरं, गळा कापू नका. जुन्या सवयीने कुणीतरी शेजारी सुरी काढेल आणि रक्त जाऊ दे म्हणेल. गोळी लागून हृदय थांबल्यावर त्याने काही साधत नाही, आणि नेमकं गळ्याच्या समोरच्या, सर्वांत दिसणाऱ्या भागात टाके घालावे लागतात. पोट फाडताना छातीच्या हाडाच्या पुढे सुरी नेऊ नका. मानेला दोर बांधून ओढू नका, दोराखालचे पोकळ केस तुटतात आणि तो पट्टा कायमचा राहतो. जमिनीवरून फरफटत नेलं तर खांद्याचे केस झिजतात. शिंगांना धरून, डोकं उचलून न्या किंवा स्लेजवर ठेवा.

कातडं सोलायची वेळ तुमच्यावर आली, तर पुढच्या पायांच्या बऱ्याच मागे, बरगड्यांच्या मध्यावर शरीराभोवती गोल काप घ्या. पायांना गुडघ्याशी काप द्या. खांद्यापाशी कापलेलं कातडं साच्यावर पुरत नाही. जास्तीचं कातडं कारागीर कापून टाकेल, कमी पडलेलं तो वाढवू शकणार नाही. कवटीपाशी पोचल्यावर थांबा. डोळे, ओठ, कान हे त्याच्या हातचं काम आहे.

आणि तुमच्या भागात एक आजार आहे, त्याची माहिती ठेवाच. त्याला तिकडे सीडब्ल्यूडी म्हणतात. हा हरणांच्या मेंदूचा आजार आहे. प्रिऑन नावाची बिघडलेली प्रथिनं तो पसरवतात. १९६७ मध्ये कोलोरॅडोत तो पहिल्यांदा दिसला आणि २००२ मध्ये तुमच्या विस्कॉन्सिनमध्ये सापडला. तपासणीसाठी गळ्यातल्या लसिका ग्रंथींचा नमुना लागतो आणि त्या ग्रंथी मुंडक्याबरोबर टॅक्सिडर्मिस्टकडेच जातात. म्हणून नमुना कोण काढणार, हे आधीच बोलून घ्या आणि अहवाल आल्याशिवाय मांस खाऊ नका. राज्याची सीमा ओलांडून अख्खं मुंडकं न्यायला बऱ्याच ठिकाणी बंदी आहे. स्वच्छ केलेला शिंगांसकटचा कवटीचा तुकडा, सोललेलं कातडं किंवा तयार मुंडकं सहसा चालतं. मिनेसोटात शिकार करून विस्कॉन्सिनला आणणार असाल तर निघण्याआधी दोन्हीकडचे नियम वाचा. शिकारीच्या नोंदणीचा क्रमांक मुंडक्यासोबतच द्या. कायद्याने वागणारा टॅक्सिडर्मिस्ट तो मागेलच, न मागणाऱ्याकडे देऊ नका.

प्रश्न : तयार झालेलं मुंडकं मनासारखं नसेल तर काय करावं? आणि ते पुढे सांगलीला नेता येईल का?

उत्तर : ताब्यात घेण्याआधी दिवसाच्या उजेडात पाहा, आणि मी वर सांगितलेला डोळे, कान, नाक, शिवण हा क्रम तिथेही लावा. बाहुली वाकडी असेल, पापणीशी फट असेल तर शांतपणे दाखवा आणि दुरुस्त करून मागा. अशी दुरुस्ती बहुतेक जण विनातक्रार करतात. चेहरा थोडा वेगळा वाटतो, एवढीच तक्रार असेल तर तुमच्याकडचा हरणाचा रानातला फोटो सोबत न्या. त्यासाठी शिकारीनंतर लगेच, मुंडक्याचे समोरून आणि दोन्ही बाजूंनी स्वच्छ फोटो काढून ठेवा. कारागिरालाही ते उपयोगी पडतात.

घरी शेकोटीच्या वर लावू नका, उष्णतेने कातडं आणखी सुकून फाटतं. थेट उन्हात केसांचा रंग उडतो. केसांच्या दिशेने मऊ ब्रशने धूळ झाडा, डोळे कापसाच्या ओल्या बोळ्याने पुसा. कसर लागते का, यावर लक्ष ठेवा.

सांगलीला नेण्याचा विचार मात्र सोडून द्या. प्राण्यांचे अवशेष भारतात आणताना सीमाशुल्क, पशु-क्वारंटाइन आणि वन्यजीव कायदा या तिन्हींचे नियम लागू होतात, आणि विमानतळावर हे कागद जमवत बसण्यात कुणाचंच भलं नाही. शिवाय सांगलीच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते कुठल्या देशातलं, कुठल्या कायद्याखाली मारलं हे समजावत बसावं लागेल. ते ज्या मुलखातलं आहे तिथेच राहू द्या.

प्रश्न : भरलेल्या प्राण्यांचे डोळे खरे असतात का? आतमध्ये खरंच पेंढा असतो का?
– इयत्ता सातवी, नाशिक

उत्तर : डोळे काचेचे असतात, बाळा. खरे डोळे सुकून जातात, ते टिकत नाहीत. जीभही बहुधा घडवलेली असते. हरणाच्या मुंडक्यात कवटीचा वरचा छोटा तुकडा, शिंगं आणि कातडं एवढंच खरं असतं. पेंढा, भुसा, चिंध्या पूर्वी खरंच भरायचे. त्यामुळे जुने प्राणी पिशवीत कापूस कोंबल्यासारखे, कुठे फुगलेले आणि कुठे पोकळ दिसायचे.

हे बदललं त्यात कार्ल एकली नावाच्या अमेरिकन माणसाचा मोठा वाटा आहे. त्याचा जन्म १८६४ चा. मिल्वॉकीच्या संग्रहालयात असताना १८९० मध्ये त्याने मस्करॅट नावाच्या पाणउंदरांचा देखावा केला. त्यात नुसते प्राणी नव्हते, त्यांचं घर, पाणी, वनस्पती असं सगळं होतं. पुढे तो मोठे प्राणी असे घडवू लागला, की आधी मातीत स्नायूंसकट पूर्ण शरीर कोरायचं, त्याचा साचा काढायचा, त्या साच्यातून हलका पुतळा तयार करायचा आणि त्यावर कातडं चढवायचं. म्हणजे टॅक्सिडर्मी हे मूर्तिकाराचं काम झालं. १९२६ मध्ये तो काँगोतल्या डोंगरांत वारला. न्यू यॉर्कच्या संग्रहालयातलं त्याच्या नावाचं आफ्रिकी सस्तन प्राण्यांचं दालन १९३६ मध्ये खुलं झालं. तुझ्या आईबाबांबरोबर मुंबईला गेलास, तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या निसर्गविज्ञान विभागात जा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या लोकांनी गोळा केलेले पक्षी आणि प्राणी तिथे पाहायला मिळतात. एका प्राण्यासमोर उभा राहा आणि मी वर मिल्वॉकीच्या काकांना सांगितलंय तसे त्याचे डोळे, कान, नाक नीट पाहा. कोणाला जास्त जीव आलाय, ते तुझं तुलाच कळेल.

प्रश्न : आमच्या वाड्यात पणजोबांच्या वेळचं बिबट्याचं मुंडकं आणि एक पूर्ण कातडं आहे. मुंडक्याच्या मागे लाकडावर म्हैसूरचा शिक्का आहे. आता कसर लागली आहे, कान तुटला आहे. आमच्या भागात असा कुणी टॅक्सिडर्मिस्ट मिळेल का जो ते दुरुस्त करून देईल?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी एक विनंती. कुणालाही बोलावण्याआधी आणि हात लावण्याआधी हे पूर्ण वाचा.

म्हैसूरचा शिक्का असेल तर ते बहुधा व्हॅन इंगेन यांच्या कारखान्यातलं आहे. विसाव्या शतकाचा मोठा काळ भारतातल्या संस्थानिकांनी आणि साहेबांनी मारलेले वाघ-बिबटे तिथे भरायला जायचे. वडील युजीन यांनी तो सुरू केला. पुढे बोथा, डी वेट आणि जूबर्ट या मुलांनी तो वाढवला. ही नावं बोअर युद्धातल्या सेनापतींवरून ठेवलेली. जूबर्ट २०१३ मध्ये वयाची शंभरी उलटून वारले. कागदाच्या लगद्याचे साचे वापरून त्यांनी वाघाच्या चेहऱ्याला जो बांधेसूदपणा दिला, तो त्या काळात फार थोड्यांना जमला. त्यांच्या उघड्या जबड्याच्या, गुरगुरणाऱ्या मुद्रा गिऱ्हाइकाच्या मागणीतून आल्या. मला त्या मुद्रेपेक्षा बिबट्या शांत पाहत बसलेला जास्त खरा वाटतो, पण कारागिरीला नाव ठेवता येणार नाही. म्हणजे तुमच्याकडची वस्तू मोलाची आहे, आणि म्हणूनच ती चुकीच्या हातात देऊ नये.

आता धोका. जुन्या काळी कातड्याला आतून सोमल चोळत. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या मेत्झ शहरातल्या बेकर नावाच्या औषधविक्रेत्याने सोमलाचा साबण काढला आणि जगभर तोच चालला. सोमल कातड्यात वर्षानुवर्षं राहतो. कसर पडून भुसा खाली पडतो तेव्हा त्याच्यासोबत विषही पडतं. त्याला नुसता हात लावू नका, फुंकर मारू नका, घरातल्या व्हॅक्युम क्लीनरने ओढू नका. हातमोजे आणि चांगला मास्क घालून, मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून वेगळ्या खोलीत ठेवा. लहान मुलांना त्याच्यापासून दूर ठेवा. जमिनीवर अंथरलेलं कातडं असेल तर ते आजच उचला.

मग कायदा. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने असे अवशेष बाळगणाऱ्याला घोषणा करून मालकी प्रमाणपत्र घेणं बंधनकारक केलं. २००३ मध्ये सरकारने पुन्हा १८० दिवसांची संधी दिली होती. तीही केव्हाच संपली. वारशाने वस्तू आली तर ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवायचं असतं. तुमच्या घरी असं प्रमाणपत्र आहे का, हे पणजोबांच्या आणि आजोबांच्या कागदांत नीट शोधा. जुनी बंदुकीची लायसन्सं, शिकारीची परमिटं यांच्या गठ्ठ्यात ते बहुधा सापडतं. प्रमाणपत्र असेल तर वस्तू ठेवता येते, पण विकता येत नाही. पैशांच्या बदल्यात कुणालाही देणं हा गुन्हा आहे. जुन्या वस्तूंचे दलाल अशा वेळी दारात येतात आणि मी बघतो म्हणतात. त्यांना उंबऱ्याच्या आत घेऊ नका. ते सुटतील, अडकाल तुम्ही.

प्रमाणपत्र नसेल तर घाबरून ते जाळू नका किंवा विहिरीत टाकू नका. वकिलाशी बोलून उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात स्वतःहून जा. प्रमाणपत्र असूनही सांभाळणं जमत नसेल तर २०२२ च्या दुरुस्तीने ते मुख्य वन्यजीव रक्षकांकडे स्वेच्छेने जमा करण्याची सोय केली आहे. त्याचा मोबदला मिळत नाही. मला तो मार्ग चांगला वाटतो. तुमच्या मुलांना पुढे हा प्रश्न सोडवावा लागणार नाही, आणि व्हॅन इंगेनांचं काम एखाद्या संग्रहालयात योग्य तापमानात, योग्य माहितीसह राहू शकेल. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये छत्रपतींच्या शिकारीचे प्राणी आज लोकांना पाहायला ठेवले आहेतच. घरात कुजत जाण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

दुरुस्ती हा त्याच्यानंतरचा प्रश्न. भारतात वन्यप्राण्यांवर हे काम करायला परवाना लागतो. गल्लीतला कारागीर, तो कितीही कुशल असला तरी, यात हात घालू शकत नाही. महाराष्ट्रात बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून टॅक्सिडर्मी केंद्र आहे. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातले शरीररचनाशास्त्राचे डॉ. संतोष गायकवाड यांनी ते उभं केलं. प्राणिसंग्रहालयात किंवा राष्ट्रीय उद्यानात नैसर्गिक कारणांनी मेलेले वाघ, सिंह, बिबटे तिथे भरून अभ्यासासाठी ठेवले जातात. आजच्या महाराष्ट्रात या कलेचं रीतसर स्थान हेच आहे. तिथे विचारणा करा, पण वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय मुंडकं गाडीत घालून बोरिवलीला नेऊ नका. प्रवासात तपासणी झाली तर प्रमाणपत्र घरी आहे हे सांगून चालत नाही.

परवानगीसाठी वनखात्याला अर्ज कराल तेव्हा त्यात दोन्ही वस्तूंची मापं, मागचा शिक्का, त्यावरचा क्रमांक, कुठे काय मोडलं आहे हे लिहा. फोटो जोडा, अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि कार्यालयात दिल्यावर तिच्यावर पोच घ्या.